कोपऱ्यातला शिक्का

३ मे
आज फुकट्या आणि साहेबाची कुस्ती लावली. फुकट्या म्हणजे माझ्या मोबाइलमधलं फोटो सुधारायचं फुकटचं ॲप. साहेब म्हणजे अझहरच्या कॉम्प्युटरवरचं महागडं, दर महिन्याला भाडं मागणारं. शहागंजात अझहरचा स्टुडिओ, माझी बैठक तिथंच. दोघांना एकच फोटो दिला. कोरडा तलाव, मधोमध विजेचा खांब. खांब काढ म्हटलं. फुकट्यानं काढला, पण जागेवर ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा डाग. साहेबानं काढला तो काढलाच. मातीच्या भेगासुद्धा नव्या जोडून दिल्या.
अझहर : "ढूंढ, जोड किधर है?"
सापडला नाही. मला ते काही आवडलं नाही.
फुकट्याही साधा नाही. फोटो उजळायला याला माझे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? वर सेव्ह केलं की कोपऱ्यात आपल्या नावाचा शिक्का.

५ मे
ताईच्या लग्नाचा वाढदिवस. दाजींच्या टकलावर केस भरून दिले. दाजी खूश, स्टेटसला. वाळूजला कंपनीत त्यांची अख्खी शिफ्ट हसली म्हणे.
जेवताना ताईनं प्लॉटची जाहिरात दाखवली. शहराबाहेर नवा ले-आउट, 'मुबलक पाणी'. रविवारी इसाराचे पैसे द्यायचे. डोरलं सोडून सगळं सोनं मोडायचं ठरलंय.
फोटो मोठा करून बघितला. रस्ता, कडुनिंब. त्याच्या पुढं मातीवर गोल सावल्या रांगेनं. सावली पाडणारं काहीच नाही!
ताईला सांगायचंय, पण आधी खात्री.

७ मे
जाहिरात अझहरनंच केली असंल? असली कामं घेतो तो. सरळ विचारलं.
"मैं नै किया मियाँ. मैं करता तो साया छोडता क्या?"
पटलं. आणि म्हणूनच भीती वाटली. त्याच्या हातच्या अशा किती जाहिराती गावभर लागल्या असतील, सावलीसकट साफ.

९ मे
प्लॉट बघायला निघालो. वाटेत टॉवरवर घारीचं घरटं. दुपार तिथंच गेली, कॅमेऱ्याची बॅटरीपण.
पोचलो तर तोच कडुनिंब, आणि पुढं टँकरच्या पाण्याचे निळे ड्रम रांगेनं. सावल्यांचे मालक. पलीकडं एकच घर, दारात एक बाई भांडी घासत होती. मातीनं. बोअर हाय का विचारलं.
"व्हय, हाय की. फुफाटा येतोय त्यातून. प्लॉट घ्यायला आलाव?"
"नुसतं बघायला."
"बघा, लई बघा. आमी फोटू बघूनच आलो."
मोबाइलनं फोटो काढला. मेमरी फुल. सवयीनं फुकट्यात घातला, जरा उजेड वाढवला, जागा करायला मूळ फोटो उडवला. दाजींना पाठवून दिला.

१० मे
दाजी शिफ्टवरून आले, मोबाइल माझ्यापुढं धरला.
"कोपऱ्यात हा शिक्का कशाचा रं?"
"ॲपचा. पण दाजी, फक्त उजेड..."
"माझ्या टकलावर केस उगवलेस. ड्रम उगवायला तुला किती येळ लागतोय?"
म्हटलं, चला, स्वतः बघा. म्हणाले, बघितलंय. प्लॉटवाल्यांनी आपल्याच गाडीतनं नेलं होतं. ड्रम नव्हते.
नसतीलच. पण गाडी कुणाची होती?
ताई हळूच : "संतू, खरं सांग. आमी तिकडं गेल्यावर तुझी झोपायची सोय जाईल, म्हणून तर नाय ना?"
पाठ टेकायला हेच घर आहे मला, ते खरंय. पण...

११ मे
पुन्हा अझहर.
"सिक्का? एक मिनट."
साहेबानं शिक्का काढला, खालची माती आपल्या मनानं भरली. जोड शोधला. नाहीच. फोटो आता जाहिरातीसारखा स्वच्छ दिसतोय. मी दाजी असतो तर आता जास्तच संशय घेतला असता.
पाठवला नाही.
घरी ताई पाटल्या रुमालात बांधत होती. म्हटलं, ताई, फोटो जाऊ दे. उद्या इसाराच्या आधी माझ्यामागं गाडीवर बस आणि डोळ्यानं बघ. माझं खोटं निघालं तर उद्याच कन्नडला आईकडं जातो, मेंढरामागं.
गाठ मारता मारता थांबली.
"गाडीत पेट्रोल हाय का?"
दाजी भिंतीकडं तोंड करून झोपलेत. झोपलेत का, ते माहीत नाही.