मी तुझ्याबद्दल काय म्हणाले

प्रिय भिंगरी,

आईचा डोळा आता छान आहे. पट्टी निघाली, थेंब चालू आहेत, आणि पहिल्यांदाच तिला आमच्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांचा खरा रंग दिसला. तो तिला अजिबात आवडलेला नाही. तू जिथली व्यवस्था बघतेस त्या हॉस्पिटलात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याला आज सोळा दिवस झाले, आणि सोळाही दिवस या घरात फक्त तुझं तुणतुणं वाजतंय. तिला पाच मिनिटंसुद्धा ताटकळावं लागलं नाही. तू स्वतः खाली आलीस, तिच्या शेजारी बसलीस, तिच्या चपला उचलून बाकाखाली सरळ ठेवल्यास. नर्सशी तू कशी बोललीस, वॉर्डातल्या मावशींना तू कशी नावानं हाक मारलीस, सगळं मला तोंडपाठ झालंय. मी त्या दिवशी दुसऱ्या शहरात एका बँकेच्या बारा साहेबांपुढे उभी होते. परवा आई सहज म्हणाली, "तू नेमकं काय करतेस ते मला बारा वर्षांत कळलं नाही गं. ती काय करते ते मात्र एका सकाळीत कळलं." म्हातारी मनाची वाईट नाही, तुला माहीत आहे. तिनं ते भाजी निवडता निवडता म्हटलं. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि ऑफिसला जाताना गाडीत मी तुझ्यावर चिडून बसले. माझ्या आईच्या चपला सरळ ठेवल्यास म्हणून!

आपण फर्ममध्ये रुजू झालो तो दिवस तुला आठवतो का? काचेच्या भिंतींची ती खोली, आपण बावीस जण, प्रत्येकापुढे एकसारखा लॅपटॉप, एकसारखी बॅग. सगळे कोऱ्या कोटात अवघडून बसलेले, आणि तू एकटी खिडकीपाशी उभी राहून सफाईच्या बाईंना विचारत होतीस की एवढ्या उंचावरची काच बाहेरून पुसतं कोण. तेव्हाच मी तुला भिंगरी म्हणायला लागले, कारण तू एका जागी पाच मिनिटं टिकत नव्हतीस. मी सारखी आकड्यांचे तक्ते मांडत बसते म्हणून तू मला तक्तेबाई केलंस. आई विचारायची, सल्लागार म्हणजे काय करता तुम्ही, आणि तूच तिला समजावलं होतंस: "दुसऱ्याच्या घरी जायचं, भांडी कुठं मांडावीत ते सांगायचं, आणि घासायची वेळ आली की निघायचं." आई हसून हसून बेजार झाली. मीही हसले. पण मनात म्हटलं, माझ्या आईला हसवायला ही कोण लागून गेली?

तिथूनच सुरुवात झाली असावी. दर सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी परत. मधले दिवस कुणाच्यातरी कारखान्यात नाहीतर कचेरीत, त्यांनी दिलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, पाच माणसं एका टेबलाभोवती. मी आकडे मांडायचे. माझा एकही तक्ता कधी चुकला नाही, हे तूही मान्य करशील. पण हॉटेलातली स्वागतिका तुझं नाव लक्षात ठेवायची आणि मला रोज नव्यानं ओळखपत्र मागायची. ग्राहकाचा ड्रायव्हर विचारायचा, "दुसऱ्या मॅडम नाही आल्या?" दुसऱ्या मॅडम म्हणजे तू, आणि मी पहिलीही नाही. आपल्या साहेबांची तर सवयच होती: तक्ता माझा दाखवायचे आणि बघायचे तुझ्याकडे. क्षुल्लक गोष्टी गं. कुणाला सांगायला जावं तर सांगणाऱ्याचीच लाज निघावी, इतक्या क्षुल्लक. म्हणून कुणाला सांगितल्या नाहीत, आणि त्या आतच साचत गेल्या.

मग ती कागदाची गिरणी आली. मालकांना एकशेचाळीस माणसं कमी करायची होती, आणि कुठली ते आपण सांगायचं होतं. मी तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या. तीन नंबरचं यंत्र सगळ्यात जास्त वेळा बंद पडत होतं, आणि बंद पडायचं ते दुसऱ्या पाळीत. उत्तर समोर होतं: दुसरी पाळी कामचुकार. मी यादी करायला घेतली आणि तू गायब झालीस. चार दिवस यंत्रांच्या शेडमध्ये! आलीस ती बुटांना ओला लगदा फासून, घसा बसलेला. फोरमनकाकांनी तुला सांगितलं होतं की यंत्राची साफसफाई पहिल्या पाळीत करायची असते, पण पहिली पाळी आपला उत्पादनाचा आकडा राखायला ती पुढं ढकलते. यंत्र मग दुसऱ्या पाळीच्या अंगावर बंद पडतं आणि नोंद त्यांच्या नावावर होते. माझा तक्ता बरोबर होता. त्याचा अर्थ चुकला होता.

त्या बैठकीत तू एकही चित्र न दाखवता दहा मिनिटं बोललीस. मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "या बाईंना आधी का नाही आणलंत?" साफसफाई वेळेवर झाली की बराच तोटा भरून निघणार होता; एकशेचाळीसची यादी त्या दिवशी चाळिसावर आली. शंभर घरं वाचली, भिंगरी. कुठल्याही धड माणसाला आनंद व्हावा असा तो दिवस. माझा तक्ता तुझ्या पाठीमागे भिंतीवर तसाच उजळलेला होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी स्वच्छतागृहात गेले, नळ सोडला आणि उभी राहिले. त्या शंभर जणांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला एवढंच वाटत होतं की हे मला का सुचलं नाही, आणि सुचायचंच होतं तर हिलाच का.

विमानतळावर जाताना गाडीत तू मला हळूच सांगितलंस की फोरमनकाका आधी तोंड उघडायलाच तयार नव्हते. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. मग तू त्यांना शब्द दिलास की काहीही झालं तरी तुमचं नाव यादीत येऊ देणार नाही. आणि तू तो पाळलास. "कुणाला सांगू नकोस हं," म्हणालीस. ग्राहकाच्या माणसाला असा शब्द द्यायचा नाही, हा आपल्या फर्मचा पहिला नियम. तो मोडला की कितीही हुशार माणूस असो, त्याच्यावर काट. तुला ते माहीत होतं. तरी तू मला सांगितलंस, कारण तुला वाटत होतं की मी तुझी मैत्रीण आहे.

सहा महिन्यांनी आपल्या दोघींच्या बढतीची पाळी आली. आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊकच आहे, दर काही वर्षांनी एक तर वर चढायचं नाहीतर गोड बोलून बाहेर काढलं जायचं. तुझ्यासोबत काम केलेल्या प्रत्येकाला आपल्याच फर्मच्या दुसऱ्या कचेरीतले एक वरिष्ठ फोन करत होते. मला मंगळवारी आला, सकाळी अकराच्या सुमाराला. माझ्यापुढे अर्धं खाल्लेलं सँडविच होतं. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, मी तुझं कौतुक केलं. मनापासून केलं, पाच मिनिटं केलं. मग ते म्हणाले, "काही काळजी करण्यासारखं?" नाही म्हटलं असतं तर फोन तिथंच संपला असता. मी म्हटलं, "ती ग्राहकाच्या माणसांत जरा जास्त गुंतते." ते म्हणाले, "म्हणजे? एखादं उदाहरण?" आणि मी उदाहरण दिलं. फोरमनकाकांचं. गाडीतलं तुझं वाक्य न वाक्य. पलीकडे ते टाइप करत होते, मला बटणांचा आवाज ऐकू येत होता. टाइप करणं थांबेपर्यंत मी बोलत राहिले. एक अक्षर खोटं बोलले नाही. आयुष्यात माझा कुठलाच तक्ता चुकला नाही, तसा हाही.

तुला त्यांनी सांगितलं की गिरणीत दिलेल्या शब्दामुळे तुमच्या निर्णयशक्तीबद्दल शंका आहे. तू जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. नाक पुसत म्हणालीस, "गिरणीतल्याच कुणीतरी सांगितलं असणार. फोरमनकाकांना कळलं तर किती वाईट वाटेल त्यांना." आणि मी म्हटलं, "असेल." एवढा एकच शब्द. सात वर्षं झाली त्याला. मला बढतीचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं, आणि आपल्या मजल्यावर माझं अभिनंदन करायला सगळ्यात आधी धावत कोण आलं असेल? "बरं झालं, आपल्यातली एक तरी राहिली!" तुझ्या निरोपाला सफाईच्या बाईंपासून साहेबांपर्यंत सगळे जमले होते. तुला बाहेर काढत होते आणि मी आत राहणार होते, तरी त्या गर्दीकडे बघून माझ्या पोटात दुखलं. माझ्या निरोपाला एवढे येतील का, हेच मी मोजत होते.

तुला वाटेल, मग पुढं सगळं शांत झालं असेल. मी जिंकले होते ना! आता मला कोपऱ्यातली खोली आहे, हाताखाली अठरा जण आहेत, ते मला घाबरतात आणि त्याला मी शिस्त म्हणते. पण तुझी बातमी कानावर आली की तो जुना जळफळाट जागा होतो. आठवडाभर पेशंटांच्या रांगेत स्वतः उभी राहून तू बाह्यरुग्ण विभागात ताटकळायची वेळ निम्म्यावर आणलीस, हे मी कुठंतरी वाचलं आणि रात्रीचं जेवण गेलं नाही. नवऱ्याला म्हटलं, नशीब असतं एकेकाचं. तो म्हणाला, "रांगेत उभं राहण्यात कसलं नशीब?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. लोक म्हणतात वाईट केलं की मन खातं. माझं मन मला फारसं खात नव्हतं, खरं सांगते. मला फक्त तुझा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याच्या आवाजात बाकी काही ऐकूच येत नव्हतं.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. या वर्षी भागीदार करायला माझं नाव पुढं गेलं आहे. पुढच्या गुरुवारी समिती बसेल. पूर्वी सोबत काम केलेल्या एका माणसाचं मत ते बाहेरून मागवतात, आणि ते कुणाचं मागवायचं ते जुन्या नोंदींवरून तेच ठरवतात. त्यांनी तुला गाठलं. काल तुझा फोन आला, तू किती खूष होतीस! "अगं, विश्वासूपणा असा एक रकाना आहे, त्यात चारच ओळींची जागा दिलीय, मला तर पान पुरणार नाही. काय काय लिहू सांग." मी बैठकीचं निमित्त करून फोन ठेवला. त्यानंतर तू दोनदा केलास, मी उचलला नाही. फोनवर सांगितलं असतं तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी तू मला माफ करून मोकळी झाली असतीस, आणि मग मला तुझ्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटला असता. म्हणून कागदावर. मला तुझी माफी नको आहे, निदान अजून तरी नको. तो रकाना अजून भरला नसशील तर आधी हे पत्र पुन्हा एकदा सावकाश वाच, आणि मग त्या चार ओळींत माझ्याबद्दल जे खरं आहे ते लिही.

तुझीच म्हणवून घेण्याआधी तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तक्तेबाई