बाणाशिवाय काम

२ फेब्रु. १९९८, सोम.
पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. सौ.ला सांगितलं. ऑफिसात चकार शब्द काढायचा नाही. निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि न दिसणारा टायपिस्ट कंपनी कशाला ठेवील?

४ फेब्रु.
काँप्युटर आल्यापासून त्या बाणाने छळलंय. माऊस हलवला की बाण कुठे पळतो देव जाणे. आज पाच मिनिटं शोधत होतो. शेजारच्या टेबलावर डिस्पॅचच्या म्हात्रे बाई. "ठाकूरभाऊ, काय हरवलंय काय?" म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. खोटं बोलताना कान तापतात माझे.

७ फेब्रु., शनि.
सापडलं! काँप्युटरबरोबरचं पुस्तक भिंग लावून वाचलं. पडद्यावरच्या चित्राचा शॉर्टकट करायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये एक रिकामी चौकट असते, तिथे हवं ते अक्षर दाबायचं. मग कंट्रोल-आल्ट धरून तेच दाबलं की फाइल हजर. बाण गेला खड्ड्यात.
अक्षरं मात्र इंग्रजी नाही लावली. ऑफिसच्या जुन्या मराठी टाइपरायटरवर 'ह' जिथे, त्या जागेच्या कळीवर हजेरी. 'प' जिथे, तिथे पगारपत्रक. तेवीस वर्षांची सवय, बोटांना बघावं लागत नाही.

१२ फेब्रु.
अकरा फायली बसवल्या. टँकरबरोबर जाणारी सुरक्षा-पत्रकंसुद्धा: 'अ' ॲसिड, 'क' कॉस्टिक सोडा. साहेब मागे उभे राहून बघत होते. "वा ठाकूर, माऊसला हात नाही!" छाती फुगली. लाजही वाटली.

१८ फेब्रु.
साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत. नवी काँप्युटर शाखा होणार, तिथे मला प्रमुख करायचं चाललंय म्हणे. सौ. देवापुढे साखर ठेवून आली. मला जेवण गेलं नाही.

२४ फेब्रु., मंगळ.

दुपारी ॲसिडचा टँकर निघायचा होता. पत्रक काढलं, साहेबांची सही घेतली, डिस्पॅचला दिलं. म्हात्रे बाईंनी गेटवर टँकर अडवला. पत्रक कॉस्टिकचं होतं. वाटेत सांडलं असतं तर ड्रायव्हरने कागदात बघून भलताच उपाय केला असता.
कसं झालं तेही कळलं. टायपिंग मी शिकलो पेणच्या क्लासात. तिथल्या टाइपरायटरवर 'अ' जिथे होता, तिथे इथल्या जुन्या टाइपरायटरवर 'क'. घाईत बोटं तेवीस वर्षं मागे, क्लासात गेली. कडेचं दिसत असतं तर वरचा मथळा नजरेत आला असता. मी वाचलाच नव्हता.

२५ फेब्रु.
म्हात्रे बाईंनी डबा खाताना हळूच विचारलं, "भाऊ, तुमाला दिसत नाय ना?"
मी डब्याचं झाकण लावलं.
"माजा भाऊ टँकरवर हाय. कालचा नव्हं, पण हाय. मी कोनाला सांगनार नाय. तुमी सांगा."
राग आला. मग वाटलं, ही बाई ओरडली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रु., शुक्र.
सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सांगायचं ठरवूनच. काल रात्री वाक्यं पाठ केली होती. तोंड उघडायच्या आत साहेबच बोलायला लागले. शाखा, प्रमुख, पहिली तारीख. मी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होतो. मग ते थांबले. मी तोंडाकडेच बघत राहिलो.
"ठाकूर, घ्या की."
"काय साहेब?"
"ऑर्डर. केव्हाची पुढे धरलीय."
मान खाली केली तेव्हा कागद दिसला. टेबलाच्या कडेला, त्यांच्या हातात.
मग सगळं सांगितलं. डॉक्टर, बाण, अक्षरं, टँकर. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. रागावले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली. "सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांना भेटा. मग बघू."
जागेवर येऊन बसलो. दीडच्या टँकरचं पत्रक काढायचं होतं. 'अ' दाबलं आणि म्हात्रे बाईंना हाक मारली, जरा मथळा वाचता का. त्यांनी वाचला. बरोबर होता. सही त्यांनी स्वतः जाऊन आणली.
साहेबांना सगळं सांगितलं, हे सौ.ला अजून बोललेलो नाही. शेजारी पेढे वाटू का, विचारत होती. सोमवारनंतर बघू म्हटलं.