सावत्र आईचा ठसा

३ नोव्हेंबर

सावत्र आईला चेहरा सापडत नाही. गोष्टीच्या पुस्तकासाठी लाकडात कोरून सहा ठसे करायचेत, जानेवारीअखेर कासेलच्या प्रकाशकाकडे पोचवायचेत, आणि मी चौथ्यापाशी अडलेय.

गोष्ट आमच्याच भागातली. चूल विझते. सावत्र आई मुलीला रानात, कोळसा पाडणाऱ्याकडे, विस्तव आणायला पाठवते. पहिल्या खेपेला तो विस्तवाच्या बदल्यात तिची सावली ठेवून घेतो. दुसऱ्या खेपेला आवाज. तिसऱ्या खेपेला मुलगीच. घरी चूल छान पेटलेली असते आणि बाप सूप पीत असतो. संपलं! हे ऐकवून आम्हाला झोपवायचे.

मुलीच्या चित्रासाठी आमची हेन्रिके उभी राहिली. हातात रिकामा डबा धरून, चांगली दहा मिनिटं, एक शब्द न बोलता. चौदा वर्षांची पोर इतकी गप्प? बापासाठी नवऱ्याची, फोल्कमारची पाठ घेतली. उरली सावत्र आई. संपादिकाबाई म्हणतात, जरा वाईट दिसू दे, मुलांना बघताक्षणी कळलं पाहिजे.

५ नोव्हेंबर

शेवटी आरसा घेतला. दुसरी कोण मिळणार! या घरात सावत्र आई मीच आहे.

तीन वर्षं झाली. हेन्रिके मला नावानेच, आनेग्रेट म्हणूनच, हाक मारते. आई म्हण, असं मी कधी म्हटलं नाही. पण मार्चमध्ये ताप आला होता तेव्हा माझं बोट घट्ट धरून झोपली होती. तेव्हापासून लोभ सुटलाय. ही मुलगी माझी व्हावी. हे फक्त इथे लिहिते.

९ नोव्हेंबर

मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. आज तिसऱ्यांदा. फोल्कमार घाईघाईने बटाटे सोलायला बसला — जन्मात न केलेलं काम! हेन्रिके खाली मान घालून निघून गेली. मागाहून त्याला विचारलं तर म्हणाला, वयच तसं आहे, मी बघतो.

काहीतरी शिजतंय.

१२ नोव्हेंबर

धुतलेले कपडे घडी करताना हेन्रिकेच्या लोकरी मोज्यांवर नावाच्या पट्ट्या दिसल्या. सगळ्या जोड्यांवर. टॉवेलवरसुद्धा. बारीक, वाकड्या टाक्यांनी शिवलेल्या — तिचेच टाके. चौदाव्या वर्षी मोज्यांवर नाव? आमच्या तिघांच्या घरात कुणाच्या मोज्यांत मिसळणार आहेत ते?

खिडकीतला तिच्या गेलेल्या आईचा फोटोही जागेवर नाही.

१४ नोव्हेंबर

सगळ्यात बारीक कोरणी सापडत नाही.

१५ नोव्हेंबर

सापडली. जागेवरच होती, पण पातं माझ्याकडे करून ठेवलेली. मी तशी ठेवत नाही.

१९ नोव्हेंबर



चौथ्या ठोकळ्याला शाई लावली, कागद दाबला, उचलला. सावत्र आईला तोंडच नाही! नाकाखाली नुसता पांढरा खड्डा. लाकडात जे कोरून काढावं ते कागदावर पांढरं उमटतं; आणि एकदा काढलेलं परत भरता येत नाही. नाशपातीचं लाकूड, बारा दिवसांचं काम. कुणीतरी ओठ खरवडून काढलेत. घाईने नाही, सावकाश, कडेकडेने.

जेवताना हेन्रिकेच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

विचारलं नाही. सख्खी असते तर कान धरून विचारलं असतं.

२० नोव्हेंबर

फोल्कमारला ठसा दाखवला. तो मऊ आवाजात म्हणाला, ‘मी म्हणत होतोच ना. तुम्हा दोघींना एका छपराखाली जड जातंय.’

तो असं कधी म्हणाला होता? मला आठवत नाही. मला वेगळंच आठवतं — हेन्रिके हसायला लागली की हा काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातो. अगदी आईसारखं हसते म्हणे ती. हल्ली हसतच नाही.

तू मनावर घेऊ नकोस, म्हणाला. मी बघतो.

तिची बाजू घेतोय की माझी? कळत नाही. हल्ली दोघांकडेही चोरासारखी बघते मी. शी!

२६ नोव्हेंबर

शेजारच्या डिपेलबाई नाशपातीचा मुरंबा घेऊन आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या, डोळे अजून तीक्ष्ण. नवा ठोकळा बघून हसल्या.

‘आमच्या आजीच्या गोष्टीत सावत्र नव्हतीच गं. सख्खीच पाठवायची विस्तव आणायला. पुस्तक छापणाऱ्या साहेबांना ते सोसेना, म्हणून सावत्र आणली. परक्याची लेक ती, घाला तिच्या माथी!’

मीही हसले. कोट चढवता चढवता त्या म्हणाल्या, हेन्रिके जानेवारीत वसतिगृहात गेली की घर सुनं वाटेल तुला. शाळा चांगली आहे, असं फोल्कमार सांगत होता.

मी ‘हो’ म्हटलं. हो! जणू मला सगळं ठाऊक होतं. मग मुरंब्याची बरणी हातात धरून तशीच दारात उभी राहिले.

म्हणून मोजे. म्हणून फोटो. तिला माझ्यापासून लांब जायचंय, बापाला पटवलंय, आणि दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलंय. मार्चमधलं ते बोट म्हणजे नुसता ताप होता.

२७ नोव्हेंबर

आज तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. शाळेचं विचारणार होते, विचारलं भलतंच — तोंड तू कोरलंस?

‘हो.’

का, म्हटलं.

‘गोष्टीतली निदान स्वतःच्या तोंडाने सांगते, जा म्हणून. तुला तेवढंही जमलं नाही.’

दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर

मी स्वतःच्या तोंडाने काय सांगायला हवं होतं? मी कुठे कुणाला जा म्हटलं?

१ डिसेंबर

नाताळआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली लावली. तिघांनी केक खाल्ला. फोल्कमार हवामानाबद्दल बोलत होता, खूप बोलत होता. आता तो घरात नसताना तिला विचारायचं.

६ डिसेंबर

फोल्कमार कामावर गेल्यावर हेन्रिकेला एवढंच विचारलं — मी कधी, काय म्हणाले? तिने फोन माझ्यापुढे धरला. त्याचा संदेश, ऑक्टोबरमधला. ‘आनेग्रेटला कामासाठी घरात शांतता हवी आहे. जानेवारीपासून तू वसतिगृहात राहावंस, अशी तिची फार इच्छा आहे. तिच्याकडे हा विषय काढू नकोस, तिला अवघड वाटेल.’

मी असं कधीही म्हटलेलं नाही; पाठवणारा फोल्कमार, नाव माझं. तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली — महिनाभर मी संशयाने तिच्याकडे बघत होते, अगदी तशी.