त्रेचाळीस जणांचं नेटवर्क

३ मार्च
नोकरी सुटून सात महिने. आज ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट दिली. पहिल्या खेपेला ‘हट्टी’ असा निकाल आला, पण तेव्हा नेट स्लो होतं. चौथ्या खेपेला ‘जन्मजात नेता’. म्हणजे माझ्यात खोट नाही, नेटवर्किंग कमी पडलं. महिनाअखेर नोकरी, नाहीतर मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं हिने बजावलंय. नेते काउंटरवर बसत नाहीत.

९ मार्च
जॉब फेअर. त्रेचाळीस ओळखी, त्रेचाळीस नंबर. लगेच ग्रुप काढला. यातले नोकरी देणारे किती, असं हिने विचारलं. सध्या सगळे शोधणारेच आहेत म्हटलं. हिला दूरदृष्टी नाही.

१४ मार्च
गोदामात सुपरवायझर हवाय. एकच जागा. बातमी सर्वांत आधी मला लागली. ताबडतोब ग्रुपवर टाकली. ही कपाळाला हात लावून बसली.

१९ मार्च
इंटरव्ह्यू. हॉलमध्ये बेचाळीस ओळखीचे चेहरे (एकाला ताप). काय वट आहे माझी. आत नऊ मिनिटं होतो, त्यातली आठ मीच बोललो. ग्रुपमध्ये कधीच काही न बोलणाऱ्या एकाला (मी त्याला मौनीबाबा म्हणतो) फॉर्मवर ओळखीचा माणूस म्हणून नाव द्यायला कुणी नव्हतं. म्हटलं, माझा नंबर टाका. बिचारा.

२४ मार्च, सकाळी ११.२०
कंपनीच्या बाईंचा फोन. माणूस कसा आहे, म्हणाल्या. पुढे नाव घेत होत्या, पण मी घेऊच दिलं नाही. ही नवी पद्धत दिसते, स्वतःकडे त्रयस्थपणे बघायची. बारा मिनिटं बोललो. कष्टाळू, वक्तशीर, शब्दाचा पक्का. डोळे बंद करून घ्या म्हटलं. बाई खूश.
११.४०. मेहुण्याला फोन. काउंटरला दुसरा माणूस बघ म्हणून सांगितलं. जरा ऐटीतच.

२८ मार्च
मौनीबाबा घरी आला. त्याला नोकरी लागली. माझ्या बारा मिनिटांमुळे लागली, असं बाईंनीच त्याला सांगितलं. माझे हात धरून रडला. हिने त्याला चहा दिला. मला दिला नाही.

३० मार्च
दुकानात गेलो. मेहुण्याने खरंच दुसरा माणूस ठेवलाय. भाऊजी, तुम्हीच तर म्हणालात, म्हणाला. मागच्या खोलीत खिळे-स्क्रू निवडायचं काम आहे. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. फार वाईट वाटलं. घरी आल्यावर जमेल का, असं हिने विचारलं. हो म्हटलं. एवढंच.