पेलाभर पाऊस

४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे, म्हणजे खडक खुशाल आहे आणि मी त्याच्यावर आहे. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला आता वर्ष होत आलं. बदलीचा अर्ज पुन्हा परत आला, या वेळी शाबासकीसकट. तुमच्या हवामान केंद्रावरून आजवर एकही नोंद चुकलेली नाही, सबब तुम्हाला हलवणं सोयीचं नाही, असं साहेबी भाषेत लिहिलंय. आळशी असतो तर केव्हाच सुटलो असतो.

तू विचारलंस, दिवसभर करतोस तरी काय. पुसतो. सोलर पॅनलवर मीठ बसतं ते पुसतो, पक्षी बसतात त्यांना हाकलतो, मग त्यांनी केलेलं पुसतो. वारा, भरती आणि पाऊस यंत्रंच मोजतात आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे उपग्रहाकडे पाठवतात. तिथून ते शहरातल्या आपत्ती केंद्रात उतरतात, आणि वेळ आली तर तुमच्या गल्लीच्या टोकाचा भोंगा वाजतो. एवढी मोठी वाट आभाळातून जाते, पण तिच्यावरून आकडेच जातात, भावाचे दोन शब्द जात नाहीत. फोनला रेंज नाही. वायरलेस आहे, पण वारा सुटला की त्यातून नुसती खरखर येते. म्हणून ही पंधरवड्याची बोट आणि ही पत्रं.

आता एक युक्ती काढली आहे. आमचे आकडे कोणालाही फोनवर बघता येतात. दर बुधवारी चारच्या सुमारास मी चहाचा पेला भरून पाणी पर्जन्यमापकात ओतणार. सगळा किनारा कोरडा आणि माझ्याकडे तेवढा तीन मिलिमीटर पाऊस असं दिसलं, की समज, मी हात हलवला. आईलाही दाखव. गोडं पाणी बोटीतून मोजून येतं, आंघोळ मी समुद्राच्या पाण्याने करतो, तेव्हा हा पेला म्हणजे माझी एकुलती एक चैन आहे.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. लोभ घरीच सांभाळून ठेव, बोटीतून पाठवलास तर भिजेल.

तुझा,
खंड्या

१९ सप्टेंबर

चि. खंड्यास अनेक आशीर्वाद.

पाऊस पोचला. लहानपणी पाण्याकडे टक लावून बसायचास म्हणून खंड्या नाव ठेवलं, पण खरंच जाऊन खडकावर बसशील असं वाटलं नव्हतं. बुधवारी दुपारपासून आईने फोन मांडीवर धरून ठेवला होता. तीन मिलिमीटर दिसले तशी हसली. खुर्चीला खिळल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मग मला म्हणाली, ओल्या अंगाने बसू नको म्हणावं त्याला.

खरं सांगायचं तर तुझं करणं मला पसंत नाही. सरकारी मापात पाणी ओतणं म्हणजे दुकानदाराने तराजूला बोट लावण्यासारखं आहे. पण आईचं हसू बघितलं आणि मी गप्प बसले. तेव्हा ओत बाबा, पण पेलाच ओत, बादली नको.

आता माझं. शहरातल्या शिवणशाळेने मला कपडा बेतायला शिकवण्याची नोकरी देऊ केली आहे. एक नोव्हेंबरला हजर व्हायचं. राहायला वसतिगृहातली खोली, तिथे आईला नेता येणार नाही. तू परत आलास तर तू आईजवळ आणि मी शाळेत, असं सरळ गणित आहे. नाही आलास तर जे चाललंय तेच. खंड्या, मला इथून निघायचंय रे. दाराला बाहेरून कडी नाही, तरी मी कोंडलेली आहे. आईला उठवायचं, बसवायचं, मधल्या वेळात गणवेश शिवायचे. भाजीला गेले तरी परतताना धावत येते. चाळीशी आली, आणि या गल्लीच्या टोकापलीकडे मी शेवटची कधी गेले ते आठवत नाही.

कसंही करून सूट. आईचे आशीर्वाद, माझे जरा धाकासकट.

तुझी,
ताई

३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बस खाली आणि वाच. सुटलो.

बोटीतून आपत्ती केंद्राचं पत्र आलं. तुमच्या पर्जन्यमापकात अधूनमधून खोटा पाऊस दिसतो, यंत्र बिघडलेलं दिसतं, तरी महिनाअखेरच्या बोटीने मेकॅनिक पाठवत आहोत. खरी गंमत पुढे आहे. एवढी बोट येतेच आहे, तर तिच्यातून नवा निरीक्षक पाठवतो, तुम्ही त्याच बोटीने परत या. वर्षभर अर्ज करून जे झालं नाही ते चहाच्या पेल्याने केलं. दुरुस्ती होईपर्यंत तुमचा पाऊस हिशेबात धरला जाणार नाही, असंही खाली लिहिलंय. न धरू देत. वारा आणि भरती धरतातच की.

तेव्हा बोट येईपर्यंत पेला चालू ठेवणार. मध्येच यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं तर मेकॅनिक रद्द करतील, आणि मेकॅनिकबरोबर मीही रद्द. तू कपडे बांधायला घे. आईला सांग, मला उठवता-बसवता येतं, भातही करपवत नाही. थोडाच करपवतो.

दोघींना नमस्कार. लोभाचं मी आता समक्षच बघून घेईन.

तुझा,
खंड्या

१२ ऑक्टोबर

चि. खंड्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी ट्रंक काढली, मग चहा ठेवला. दोन दिवस हवेत होते. शाळेला येते म्हणून कळवूनही टाकलं.

मग आज फोनवर तुझं केंद्र बघितलं तर तुझा पाऊस करड्या रंगात, आणि पुढे संशयास्पद असं लिहिलेलं. तुझ्याकडे कोसळलं की दोनेक तासांत आमच्याकडे कोसळतं, आणि भरती असली की खाडी ते पाणी घेत नाही, गल्लीत सोडते. वरून उपग्रहाला ढग दिसतो, पण त्यातून किती पडतंय ते तुझ्या नळकांड्यालाच कळतं, हे तूच मला शिकवलंस. आमचा भोंगा तुझ्या पावसावर वाजतो, आणि तुझा पाऊस कोणी धरत नाही. गल्लीत रांगती पोरं आहेत. आपली आई खुर्चीत आहे.

पेला बंद कर. सुटका लांबली तरी चालेल, असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. समुद्र खवळलाय म्हणून बोट पुढे ढकलली आहे, म्हणजे हे पत्र इथेच पडून राहणार आणि तू तिकडे ओतत राहणार. आपत्ती केंद्राला कळवावं तर तुझी लबाडी उघडी पडते. माझ्या हातात काही नाही.

आशीर्वाद आहेतच. ते तरी बोटीवाचून पोचोत.

तुझी,
ताई

२० ऑक्टोबर

चि. खंड्यास अनेक आशीर्वाद.

आधी खुशाली: आई सुखरूप आहे, मी आहे, गल्लीतलं माणूस न् माणूस आहे.

गेल्या बुधवारी चार वाजता तुझे तीन मिलिमीटर आले, करडे. आईने टाळी वाजवली. इथे कडक ऊन होतं, वाळत घातलेले गणवेश हलत नव्हते. पुढच्या नोंदीत अकरा आले. मी मनात म्हटलं, मेला बादली ओततोय, समक्ष भेट तू. त्याच्या पुढच्या नोंदीत बावीस आले, आणि मी हिशेब मांडला. पेल्याचे तीन, आणि हे एकूण छत्तीस, म्हणजे झाले बारा पेले. पाऊण तासात बारा पेले गोडं पाणी, म्हणजे तुझं दिवसभराचं पिण्याचं पाणी. साबण लावायला खारं पाणी वापरणारा माझा भाऊ इतकं पाणी नळकांड्यात ओतणार नाही. हे आभाळाचं होतं.

शेजारच्या सुताराला हाक मारली. त्याने आणि त्याच्या भावाने आईला खुर्चीसकट उचलून मुलांच्या शाळेच्या माडीवर नेलं. मी आपत्ती केंद्रात फोन लावला. उचलणारा म्हणाला, ते यंत्र बिघडलंय, आम्हाला माहीत आहे. मी तिथल्या प्रमुख, मोठ्या बाईंना मागितलं. त्यांना सांगितलं की यंत्र ठणठणीत आहे, बुधवारचे तीन मिलिमीटर तेवढे माझ्या भावाने ओतलेले असतात, आणि का ओततो तेही सांगितलं. बाईंनी विचारलं, मग आजचा पाऊस त्याचा नाही कशावरून. मी म्हटलं, त्याच्याकडे एवढं पाणीच नाही. त्यांनी फोन ठेवला. मग भोंगा वाजला.

दीड तासाने खाडी गल्लीत आली. माझ्या मशीनच्या पट्ट्याच्या वरपर्यंत पाणी होतं. गल्लीत तोवर कोणी उरलं नव्हतं.

खंड्या, फोन फिरवताना मला सगळं कळत होतं. यंत्र बरं आहे म्हटलं की तुझी बोट गेली, आणि तुझ्या बोटीबरोबर माझी शाळा. आकडे दाबताना बोट अडखळलं. क्षणभरच, पण अडखळलं. ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

कसा आहेस ते कळव. रागावला असलास तरी कळव.

तुझी,
ताई

५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू कसला? त्या दिवशी मी पेला घेऊन निघालो होतो. ओतायच्या आत आभाळ फुटलं आणि मी भरला पेला घेऊनच परत आलो. मग आठवलं, माझा पाऊस धरत नाहीत. वायरलेसवर ओरडत राहिलो, तिकडून नुसती खरखर. यंत्र बिचारं खरं तेच सांगत होतं आणि त्याला खोटं मी पाडलं होतं. भिंतीला टेकून बसलो, ताई, आणि आईची खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना. तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. दुसरं वाचून रडलो, पहिलं वाचून जास्त.

बोटीतून मोठ्या बाई आल्या होत्या. दिसायला कडक, बोलायला त्याहून कडक. यंत्र तपासलं, निर्दोष निघालं. ते ठीक आहे हे तुझ्या फोनने आधीच कळलं होतं, म्हणून मेकॅनिक आला नाही. मेकॅनिक नाही म्हणून नवा निरीक्षकही नाही, त्याला दुसरीकडे धाडलं. मला वाटलं, काढून तरी टाकतील. बाई म्हणाल्या, काढलं असतं, पण या खडकावर यायला दुसरं कोणी तयार नाही. तेव्हा शिक्षा म्हणून इथेच राहायचं, मुदत लिहिलेली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. मापकाभोवती जाळी बसवली आहे, तिला कुलूप आहे, किल्ली बाई घेऊन गेल्या. पाऊस आत जातो, पेला जात नाही.

तुझ्या शाळेचं काय झालं ते विचारायचं धाडस होत नाही. बुधवारी चार वाजता मी जाळीपाशी जाऊन उभा राहतो. तिथून आकडा जात नाही, पण उभा असतो एवढं आईला सांग.

दोघींच्या लोभावर दिवस काढतो आहे, तो कमी पडू देऊ नका.

तुझा,
खंड्या

२० नोव्हेंबर

चि. खंड्यास अनेक आशीर्वाद.

शाळेने दुसरी बाई घेतली. ट्रंक परत वर ठेवली. मशीन सुताराने उघडून वाळवलं, चालतंय, फक्त पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरतं, माझ्यासारखं. तुझा पाऊस आता काळ्या रंगात दिसतो आणि भोंगा पुन्हा तुझ्या भरवशावर आहे.

आईला जाळीचं मी सांगितलेलं नाही. काल बुधवार होता. हल्ली तिला बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून चार वाजता तिने फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, खंड्याकडे पाऊस पडला का. समोर शून्य होतं. मी तिला सांगितलं, पडला आई, पेलाभर.

तुझी,
ताई