साखळी माझ्याच हातात

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी बॉबीला घेऊन पाव आणायला गेले. सुशीलाकाकींच्या मागच्या खोलीतला नवा भाडेकरू, जोसेफ, पाववाल्या पोदेराच्या सायकलपाशी उभा. तेरेखोलला हॉटेलात स्वयंपाकी आहे. घानाचा, पण गाव म्हणतं नायजेरियन. बॉबी असा भुंकला की पोदेराच्या हातातले पाव पडले. "सॉरी" जोसेफ म्हणाला. त्याने कशाला म्हणायचं?

६ नोव्हें.
आज पुन्हा. एरवी चोर आला तरी शेपूट हलवील असला ऐदी कुत्रा. हे म्हणाले, "सुण्याक माणूस कळता." कुत्र्याला म्हणे माणूस कळतो; संध्याकाळपर्यंत तेच गावभर.

९ नोव्हें.
आता म्हणे गावच्या देवाने, राखणदारानेच कुत्र्याच्या तोंडून सांगितलं. पुढच्या रविवारी देवळात बैठक. काकींना खोली खाली करायला लावणार. मी दिरांना विचारलं, त्याने केलंय तरी काय?
"अजून काय करूक नाय, म्हणान तर आताच."


११ नोव्हें.
मला ताप. नणंद वैशू बॉबीला घेऊन गेली. खिडकीतून पाहिलं. जोसेफ समोरून आला, बॉबीने त्याची चप्पल हुंगली, शेपूट हलवली. दोघं बोलत उभी! मला वाटलं, कुत्रा आजारी आहे.

१२ नोव्हें.
आज मीच गेले. वळणावर जोसेफ. बॉबी गवत हुंगत होता, त्याला दिसलाही नव्हता. आधी साखळी ताणली, मग तो भुंकला.
घरी येऊन तळहात पाहिला. कड्यांचे वळ.
लाज वाटते. त्याहून भीती. मी हात आवळला नव्हता, तो आवळला गेला.

१४ नोव्हें.
ह्यांना सांगितलं. "हात दाखवून अवलक्षण कित्याक?" म्हणाले, हसले नाहीत.
रोज ठरवते, सैल धरायची. तो दिसला की संपलं. आज चिमी बरोबर होती. पाच वर्षांची पोर, तिच्याशी ह्यातला चकार शब्द बोलले नाही. तरी त्याला पाहून माझ्या मागे लपली. "आई, हात दुखता."
डाव्या हातात साखळी होती, उजव्यात चिमीचा हात.

१५ नोव्हें., शनि.
काकी रडत आल्या. जोसेफला दुसरी खोली कुणी देईना. "तुझो सुणो गप रवलो तर माणसां गप रवतली गो."
बैठकीत बॉबीला न्यायचं ठरलंय. त्याला जोसेफसमोर उभं करायचं. भुंकला तर खोली खाली. मी म्हटलं, वैशू धरील साखळी. वैशूला ह्यांनी दुपारीच म्हापशाला मावशीकडे धाडलंय. "तुझो सुणो, तूच धर."
सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं मनाशी पक्कं केलंय. पण कोण ऐकणार? अंगणात सैल हाताने फिरवून पाहिलं. तिथे जमतं.
आत्ता रस्त्यावरून जोसेफ गेला. बॉबी ओट्यावर घोरतोय. माझ्या मुठीत पेनाचं टोपण होतं, ते तडकलं.