कॉम्प्युटरात पाणी सांडल्याबद्दल खुलासा

महाड, ता. १४ मे

चि. साक्षी हिस,

तुझ्या बाबांचा सप्रेम जयभीम आणि डोक्यावरून हात. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो. माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आणि माझ्या मते बेताची आहे. पुण्यात तुझं जेवणखाण वेळेवर होत असेल असं आम्ही धरून चालतो, कारण तू सांगत नाहीस. मी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या की तू नुसता अंगठा पाठवतेस. (तुझी आई म्हणते, अंगठा म्हणजे सगळं बरं आहे. मला तो रस्त्यात लिफ्ट मागितल्यासारखा दिसतो.) म्हणून शेवटी कागद घेतला.

तर विषय असा. तू कळवलंस की शनिवारी पॅकिंगवाला येईल, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात द्या, मला सुट्टी नाही. ठीक. यंत्र तुझं आहे, एकेक भाग मागवून तू स्वतः उभं केलेलं आहे, माझा त्यावर हक्क नाही. पण गेल्या वर्षी मार्चमध्ये तू पहिल्या गाडीने गेलीस त्याला चौदा महिने झाले, आणि या घरात तुझं म्हणून आता तेवढंच उरलंय. (मार्चच्या विषयावर मी पुढे येतो. जमलं तर.) आणि सदतीस वर्षं महाड डेपोत काढलेल्या माणसाला गाडी तपासल्याशिवाय फाटकाबाहेर सोडता येत नाही. तू इथे असताना सारखी म्हणायचीस की याला ओव्हरक्लॉक करायचंय, पण महाडच्या उकाड्यात हे तापतं. मी ठरवलं, पोरीचं यंत्र जायचंच असेल तर टकाटक होऊन जाऊ दे.

ओव्हरक्लॉक म्हणजे मला आधी ओव्हरटाईम वाटला, आणि डबल ड्युटी करून घ्यायची तर मध्ये विश्रांती द्यावी म्हणून मी त्याला दोन दिवस बंदच ठेवलं. मग व्हिडिओ बघून उलगडा झाला की कंपनीने बांधून दिलेल्या वेगाच्या वर यंत्र पळवायचं, थोडक्यात स्पीड लॉक काढायचा. (असले उद्योग आम्ही डेपोत कधी केले नाहीत, असं माझ्या सर्व्हिस बुकात लिहिलेलं आहे.) चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस नावाचा पडदा येतो, तिथे वेगाचा पन्नासचा आकडा असतो. तो मी एक्कावन्न केला. अर्धा तास टेस्ट लावली, वहीत तापमान लिहिलं, चहा घेतला. मग बावन्न. मग त्रेपन्न. खोटं कशाला सांगू, मजा येत होती गं! तुझी आई दारातून बघून गेली आणि म्हणाली, लेकीने खेळलेलं चाललं नाही, आता बाप बसलाय. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चोपन्नला गाडी तापली. अठ्ठ्याण्णव डिग्री! मी बाजूची काच काढून पाहिलं, तर तुझ्या त्या पारदर्शक नळकांड्यातलं लाल पाणी चार बोटं खाली उतरलेलं. साक्षी, मला किती हायसं वाटलं तुला सांगता येत नाही. इतके दिवस मी ज्या यंत्राला घाबरून हात लावत नव्हतो, त्याला चक्क पंप होता, रेडिएटर होता, पंखे होते, आणि पाणी कमी पडलं होतं. हा तर माझाच विषय! नळाचं पाणी घातलं नाही, तेवढी अक्कल आहे. घरात बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता, तो आणला आणि रीतीप्रमाणे भरायला घेतलं. रीत म्हणजे, इंजिन चालू ठेवायचं, झाकण उघडायचं, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत ओतत राहायचं आणि पाणी बाहेर सांडलं की भरलं असं समजायचं. हजारो गाड्या अशाच भरल्या. एसटीच्या रेडिएटरखाली जमीन असते, सांडलेलं पाणी जमिनीवर जातं. तुझ्या नळकांड्याखाली ग्राफिक कार्ड असतं, हे त्या व्हिडिओवाल्याने सांगायला नको होतं का?

पाणी सांडलं तेव्हा मला समाधान वाटलं. (सवय!) तुझी आई मात्र किंचाळली आणि तिने धावत जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा. चोपन्नची टेस्ट संपायला दोन मिनिटं उरली होती, आणि मी काय ओरडलो असेन? अगं, दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं!

ओरडलो आणि मग खुर्चीत बसूनच राहिलो. हेच वाक्य, याच खोलीत, मार्चमध्ये तू माझ्यावर ओरडली होतीस. याच यंत्रावर तुझ्या गेमच्या स्पर्धेची फायनल चालू होती, चार पोरी चार गावांतून तुझ्या भरवशावर खेळत होत्या, पंखे जोरात फिरायला लागले, आणि मला वाटलं इंजिन बसणार. मी न विचारता मेन स्विच ओढला. वर तुला म्हणालो, मशीन वाचवलं म्हणून आभार मान, खेळच तर होता. तुझ्या आईने निदान पाणी बघून स्विच ओढला, मी नुसत्या आवाजावर ओढला. तुला तेव्हा काय वाटलं असेल ते मला या खुर्चीत बसून कळलं, आणि फार वाईट वाटलं. असो.

दुसऱ्या दिवशी महामार्गावरच्या झकेरियाला बोलावलं. (रेडिएटरवाला झकेरिया. तू लहानपणी त्याच्या पाण्याच्या टाकीत होड्या सोडायचीस.) त्याने तुझा रेडिएटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला विचारलं, बुद्धा, यो रेडिएटर हाय का शाळेचा कंपास? पण काम मन लावून केलं. नळ्या सोडवल्या, टाकीत बुडवून हवा मारली, एकही बुडबुडा नाही. लीकेज याच्यात नाय, म्हणाला, भरनाऱ्याच्या डोस्क्यात हाय. कार्ड तुझ्या आईने ताब्यात घेतलं. एकवीसच्या पुरानंतर भिजलेली वस्तू कशी वाळवायची हे महाडात कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हात नाही, सावलीत, जुन्या मऊ साडीवर, टेबल फॅनसमोर, चार दिवस. मी बघायला गेलो की हातावर चापट.

आज चार दिवस झाले आणि यंत्र बंद आहे. अशा अवस्थेत ते पाठवणं बरोबर दिसत नाही, तेव्हा पॅकिंगवाल्याचं रद्द कर. यंत्र बघायला म्हणून तूही सुट्टी काढायची तसदी घेऊ नकोस. तुझं काम महत्त्वाचं. आमचं काय, आम्ही आहोतच. आईचा आशीर्वाद.

तुझा,
बाबा
(बुद्धरत्न, निवृत्त हेड मेकॅनिक)

ता. क. यंत्र बंद आहे असं वर लिहिलंय ते खरं आहे, कारण मी ते बंद केलंय. बटण दाबलं की चालू होतं. आज सकाळी चोपन्नवर पूर्ण एक तास पळालं, अठ्ठ्याहत्तर डिग्री. झकेरिया शेजारी बसून टाळ्या वाजवत होता.

आणखी ता. क. तुझा पॅकिंगवाला शनिवारची वाट न बघता आज दुपारीच येऊन उभा राहिला. त्याला पन्हं दिलं आणि यंत्र ओलं आहे सांगून परत पाठवलं. त्याच्यावर रागावू नकोस, पोरगा सज्जन आहे. लबाडी माझी आहे.

शेवटचं ता. क. आईने पत्र वाचलं आणि म्हणाली, लिहायचं ते सोडून सगळं लिहिलंत. तर लिहितो. यंत्र मी स्वतः घेऊन येतो. रविवारी सकाळच्या पुणे गाडीने, पाणी काढून, खिडकीची सीट त्याला आणि बाजूची मला. जोडून देतो आणि दुपारच्या गाडीने फिरतो, राहायला म्हणून येत नाही. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती फोनवर मागायला गेलो की मी दुसरंच काहीतरी बोलतो, तुला माहीत आहे. तू बोलली नाहीस तरी चालेल. फक्त दोन्ही हातांत यंत्र असणार, बेल वाजवता यायची नाही. तेव्हा अकराच्या सुमाराला दार जरा उघडं ठेवशील का?